मेमेल की क्लाईपेडा : १९२३ चा उठाव खरा की रचलेला, आणि पुढच्या १६ वर्षांत काय बिघडलं?

सीमारेषा

लिथुएनियाचा नकाशा उघडला की समुद्रालगत आणि नेमुनास नदीच्या उत्तर काठाने एक चिंचोळी पट्टी दिसते. लांबी साधारण १४० किलोमीटर, रुंदी बहुतेक ठिकाणी जेमतेम २०. जर्मनांचा मेमेललँड तो हाच, आणि लिथुएनियनांचा क्लाईपेडा प्रदेशही हाच. तिची पूर्वेकडची हद्द १४२२ च्या मेल्नोच्या तहात ठरली आणि पुढची ५०० वर्षं जवळपास तशीच राहिली. इतकी टिकलेली सीमा युरोपात फार थोड्या ठिकाणी सापडते.

व्हर्सायच्या तहाच्या ९९ व्या कलमाने ही पट्टी जर्मनीकडून काढून दोस्तराष्ट्रांच्या हाती दिली. १९२० पासून तिथे फ्रेंच प्रशासन होतं. जानेवारी १९२३ मध्ये 'उठाव' झाला आणि तेव्हापासून मार्च १९३९ पर्यंत लिथुएनियाचं राज्य.

प्रश्न दोन आहेत. उठाव स्थानिकांचा होता की काउनासच्या (लिथुएनियाच्या तेव्हाच्या तात्पुरत्या राजधानीतल्या) सरकारने घडवून आणलेला? आणि खेड्यापाड्यांतल्या हजारो घरांत लिथुएनियन बोलली जात असताना १९२५ च्या पहिल्याच निवडणुकीत २९ पैकी २७ जागा जर्मन बाजूच्या पक्षांकडे कशा गेल्या? माझं मत असं, की लिथुएनियाने जमीन मिळवली, पण माणसं आपली करून घ्यायचे साधे उपायही केले नाहीत. चुकत असेन तर खोडून काढा.

बंदरकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. मोहीम काउनासची होती आणि ती बरीच बारकाईने आखलेली होती.

पार्श्वभूमी आधी. ऑक्टोबर १९२० मध्ये पोलिश जनरल झेलिगोव्स्कीने वरिष्ठांची आज्ञा मोडल्याचं दाखवून व्हिल्नियस घेतलं. प्रत्यक्षात त्याला वॉर्सॉचा पाठिंबा होता. लिथुएनियाने राजधानी गमावली, पण धडाही घेतला : सरकारने नामानिराळं राहायचं, काम 'बंडखोरां'नी करायचं, आणि मग झालेल्या गोष्टीला मान्यता मागायची. १९२२ च्या शरदात पॅरिसमध्ये मेमेलला डान्झिगसारखं मुक्त शहर करण्याची चर्चा बळावली, तेव्हा पंतप्रधान एर्नेस्टास गॅल्व्हनाउस्कासने हाच मार्ग धरला.

आता पायऱ्या बघा. डिसेंबर १९२२ मध्ये स्थानिक लिथुएनियनांची 'लघु लिथुएनिया बचाव समिती' उभी राहिली, अध्यक्ष मार्टिनास यान्कुस. (लघु लिथुएनिया म्हणजे जर्मनीच्या प्रशिया राज्यातला लिथुएनियन भाषकांचा भाग.) ९ जानेवारीला तिने हायडेक्रुग म्हणजे शिलुते इथून जाहीर केलं की सत्ता आता आमच्याकडे. १० जानेवारीला हद्द ओलांडून हजाराच्या थोडे वर माणसं तीन तुकड्यांत आत शिरली. एक क्लाईपेडाकडे, एक शिलुतेकडे, एक पागेग्याईकडे. यात रायफलमन संघ या निमलष्करी संघटनेचे स्वयंसेवक होते, तसेच सैन्यातले अधिकारी आणि शिपाईही होते. अंगावर साधे कपडे, दंडावर हिरवी पट्टी, पट्टीवर एम-एल-एस ही तीन अक्षरं : 'लघु लिथुएनियाचा उठावकरी' या शब्दांची आद्याक्षरं. नेतृत्व योनास बुद्रिस या नावाने वावरणाऱ्या माणसाकडे. त्याचं खरं आडनाव पोलोव्हिन्स्कास, आणि तो लिथुएनियाच्या प्रतिहेरखात्यातला अधिकारी.

शिलुते आणि पागेग्याई जवळपास विनासायास हाती आले. लढाई झाली ती क्लाईपेडा शहरात, १५ जानेवारीला. प्रीफेक्टच्या (फ्रेंच प्रशासकाच्या) इमारतीला वेढा पडला आणि त्याच दिवशी फ्रेंचांनी हत्यार खाली ठेवलं. मृतांचा आकडा : १२ उठावकरी, २ फ्रेंच सैनिक, १ जर्मन पोलीस.

सीमारेषा

@बंदरकर, मनापासून आभार. पण फ्रान्ससारख्या सत्तेने इतक्या थोड्या माणसांपुढे हार का मानली?

बंदरकर

कारण तिथे फ्रान्स होताच किती? 'आल्पाइन शिकारी' नावाच्या पर्वतीय पायदळाचे दोनशे-अडीचशे सैनिक, बस्स. बाकी भिस्त स्थानिक जर्मन पोलिसांवर, आणि त्यांना फ्रेंचांसाठी जीव द्यायची इच्छा नव्हती. बर्लिनकडूनही प्रतिकार न करण्याचाच कल होता. जर्मनीचा हिशेब असा, की पोलंडच्या किंवा फ्रान्सच्या छायेतल्या मुक्त शहरापेक्षा दुबळ्या लिथुएनियाकडून हा भाग पुढेमागे परत घेणं सोपं.

शिवाय तारीख बघा. ११ जानेवारी १९२३ ला फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य जर्मनीच्या रुर या औद्योगिक भागात शिरलं. पॅरिसचं सगळं लक्ष तिकडे. मदतीची जहाजं मेमेलला पोचेपर्यंत शहर पडलेलं होतं.

कोजागिरी

वाखुसा (वाचनखूण साठवली). दोघांनीही असंच इस्कटून लिहीत राहा.

तिळवण

बंदरकरांच्या तपशिलाशी सहमत, निष्कर्षाशी अर्धीच. 'घडवून आणलेला' म्हटलं की स्थानिक माणसं नुसती बाहुली ठरतात, आणि ते खरं नाही.

३० नोव्हेंबर १९१८ चा टिल्झिट जाहीरनामा घ्या (टिल्झिट हे नेमुनासपलीकडचं प्रशियन शहर). प्रशियातल्या लिथुएनियनांच्या राष्ट्रीय मंडळाच्या २४ जणांनी त्यावर सह्या करून लिथुएनियाशी एकीकरण मागितलं. तेव्हा काउनासचं सरकार स्वतःच धड उभं नव्हतं, ते कुणाला कसलं नाचवणार? यान्कुस तर त्याआधीची कित्येक वर्षं बितेनाई गावातून छापखाना चालवत होता. रशियन साम्राज्यात १८६४ ते १९०४ लॅटिन लिपीतल्या लिथुएनियन पुस्तकांवर बंदी होती. ती पुस्तकं टिल्झिट आणि आसपासच्या प्रशियन गावांत छापली जात आणि 'क्निग्नेशाई' म्हणजे पुस्तकवाहक ती पाठीवर बांधून रात्री हद्द पार करत. लिथुएनियन भाषेचं पहिलं छापील पुस्तकही १५४७ साली प्रशियातल्याच क्योनिग्सबर्गमध्ये निघालं.

तेव्हा स्थानिक चळवळ होती. ती लहान होती, सुशिक्षितांची होती, एवढं म्हणा.

बंदरकर

मान्य. 'स्थानिक अल्पसंख्य गटाच्या नावाने काउनासने केलेली मोहीम' हे शब्द जास्त बरोबर.

टपालहंशील

या तीन वर्षांची उलथापालथ तिकिटांवर फार स्पष्ट दिसते. १९२० मध्ये फ्रान्सच्या तिकिटांवर 'मेमेल' आणि फेनिश-मार्कमधली किंमत काळ्या शाईत वरून छापली. म्हणजे चित्र पेरणी करणाऱ्या फ्रेंच स्त्रीचं आणि चलन जर्मन. त्याच वर्षी जर्मनीच्या 'गेर्मानिया' तिकिटांवरही वरछाप झाला. १९२३ मध्ये लिथुएनियन प्रशासनाने आधी मार्कमध्ये आणि मग सेंट-लितासमध्ये इतके वरछाप काढले की एकाच तिकिटावर दोन-दोन किमती दिसतात : जुनी खोडलेली, नवी वर बसवलेली.

संग्रह करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं : या प्रदेशाच्या वरछापांची नक्कल फार झालेली आहे. दहापट भिंगाखाली शिक्का आणि वरछाप जिथे एकमेकांना छेदतात ती जागा बघा. वरछाप तिकीट विकण्याआधी होतो, शिक्का नंतर बसतो, म्हणून शिक्क्याची शाई वर असली पाहिजे. वरछापाची शाई शिक्क्याच्या रेघेवर चढलेली दिसली तर साधं वापरलेलं स्वस्त तिकीट घेऊन त्यावर नंतर छापलंय. दुसरं, शिक्क्यातली तारीख वरछाप निघण्याच्या आधीची नाही ना, हे बघा. घाईघाईने केलेल्या नकला इथेच पकडल्या जातात.

मोडीवाचक

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. घरात लिथुएनियन बोलणारा माणूस जर्मन पक्षाला मत का देई?

१९२५ च्या जनगणनेत प्रदेशात सुमारे १ लाख ४१ हजार लोक मोजले गेले. ४० टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांनी स्वतःला जर्मन म्हटलं. उरलेल्यांतल्या मोठ्या गटाचे जवळपास सारखे दोन भाग झाले : काहींनी 'लिथुएनियन' लिहिलं आणि तितक्याच लोकांनी 'मेमेललँडर'. हा तिसरा गट म्हणजे सगळ्या प्रश्नाची किल्ली. यातले बहुतेक घरी लिथुएनियनच बोलणारे. पण सीमेपलीकडच्या लिथुएनियनांशी आपलं नातं त्यांना जवळचं वाटत नव्हतं.

पहिलं कारण धर्म. हे लुथरन, पलीकडचे कॅथलिक. यांच्यात घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांची परंपरा होती, गावातलाच जाणता माणूस प्रवचन करायचा. पलीकडून आलेला कॅथलिक कारकून या जगात पूर्ण परका.

दुसरं कारण लिपी, आणि ते मराठी माणसाला चटकन कळेल. यांची लिथुएनियन भाषा जर्मन गॉथिक टायपात छापली जाई आणि जोडाक्षरंही जर्मन-पोलिश वळणाची. मेमेलला १८७७ पासून निघणारं 'लिएतुविश्का त्सेइतुंगा' हे वर्तमानपत्र त्याच टायपात निघे. पलीकडच्या लिथुएनियाने साधा लॅटिन टाइप आणि वर टोपी लावलेली नवी अक्षरं स्वीकारलेली. भाषा एकच, पण काउनासचं वर्तमानपत्र हातात आलं की शिलुतेचा म्हातारा शेतकरी अडखळायचा. फक्त मोडीत कागद वाचायची सवय असलेल्याच्या हाती देवनागरी दस्त दिला तर जसं होईल तसं.

घाटमाथा

आपल्याकडच्या बेळगावसारखंच वाटतंय हे सगळं. भाषा एक, राज्य दुसरं.

मोडीवाचक

नाही घाटमाथा, उलट आहे. बेळगावात मराठी बोलणारा मोठा वर्ग मराठीच्या नावाने उभ्या राहिलेल्या समितीला मत देत आला. म्हणजे घरची भाषा आणि मत एका दिशेला. मेमेलमध्ये घरची भाषा एकीकडे आणि मत दुसरीकडे. ही ताटातूट समजली नाही तर क्लाईपेडाचं राजकारण कळतच नाही. काउनासच्या अधिकाऱ्यांचीही हीच चूक झाली. हे मूळचे लिथुएनियनच आहेत, जर्मन बनवले गेलेत, शाळा बदलली की परत येतील, असं ते धरून चालले.

तिळवण

+१. आणि पैशाचंही बोला. प्रशियाच्या राज्यात यांना पक्के रस्ते, शाळा, शेतकी पतपेढ्या, वेळेवर मिळणारं निवृत्तिवेतन माहीत होतं. लिथुएनिया नुकतं जन्मलेलं गरीब राष्ट्र. लोणी आणि डुकरं विकायला जवळची बाजारपेठ म्हणजे नदीपलीकडचं टिल्झिट, १९०७ चा राणी लुईझेचा पूल ओलांडला की आलं. १९२३ नंतर त्याच पुलावर जकात नाका बसला.

कलमपट्टी

घटनेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खरं बिघडलं ते इथे.

१६ फेब्रुवारी १९२३ ला दोस्तांच्या राजदूत परिषदेने सार्वभौमत्व लिथुएनियाला दिलं, पण स्वायत्ततेच्या अटीवर. वाटाघाटी रखडल्या, राष्ट्रसंघाने अमेरिकन मुत्सद्दी नॉर्मन डेव्हिसच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि ८ मे १९२४ ला पॅरिसमध्ये करार झाला. एका बाजूला ब्रिटन, फ्रान्स, इटली, जपान, दुसऱ्या बाजूला लिथुएनिया. कराराला तीन जोडपत्रं : पहिलं प्रदेशाचा कायदा, दुसरं बंदर, तिसरं नेमुनासवरची मालवाहतूक.

यंत्रणा अशी होती :

लिथुएनियाचा राष्ट्राध्यक्ष गव्हर्नर नेमतो. लोक दर तीन वर्षांनी 'सेइमेलिस' निवडतात, जर्मनमध्ये लांडटाग, दर ५,००० लोकांमागे एक सदस्य. गव्हर्नर संचालक मंडळाचा अध्यक्ष नेमतो आणि अध्यक्ष बाकीचे संचालक, एकूण पाचपर्यंत. मंडळाला सेइमेलिसचा विश्वास हवा, नसेल तर राजीनामा. सेइमेलिस विसर्जित करायचं तर गव्हर्नरने संचालक मंडळाच्या संमतीने करायचं, आणि मग सहा आठवड्यांत निवडणूक. शाळा, स्थानिक पोलीस, न्यायालयं, प्रत्यक्ष कर प्रदेशाकडे. जकात, रेल्वे, टपाल, परराष्ट्र व्यवहार काउनासकडे. जर्मन आणि लिथुएनियन दोन्ही भाषा समान दर्जाच्या.

आता यातली फट बघा. गव्हर्नर आपल्या मर्जीचा अध्यक्ष नेमतो. सभागृह त्याच्यावर अविश्वास दाखवतं. तो अध्यक्ष राजीनामा देण्याऐवजी सभागृह विसर्जित करायला संमती देतो. निवडणूक होते, पुन्हा तेच सभागृह येतं, पुन्हा अविश्वास. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याच सहीने अविश्वास दाखवणाऱ्यांना घरी पाठवायचं! सारा घोळ 'संमतीने' या एका शब्दाने केला.

कोजागिरी

जपानचा यात काय संबंध? वाचताना अडखळले.

कलमपट्टी

व्हर्सायमध्ये हा प्रदेश कुणा एका देशाला दिला नव्हता, 'प्रमुख दोस्त आणि सहयोगी राष्ट्रांना' दिला होता. ती पाच : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली, जपान. अमेरिकेने तह मंजूरच केला नाही, उरली चार. म्हणून मेमेलच्या दस्तावर जपानची सही. आणि म्हणूनच १९३२ मध्ये हेगच्या न्यायालयात लिथुएनियाविरुद्धच्या चार वाद्यांपैकी एक जपान.

सीमारेषा

हेगचा खटला सविस्तर येऊ दे, कलमपट्टी.

कलमपट्टी

डिसेंबर १९३१ मध्ये संचालक मंडळाचा अध्यक्ष ओटो बॉट्शर शेतमालाच्या निर्यातीबद्दल बोलायला बर्लिनला गेला, काउनासच्या परवानगीशिवाय. परराष्ट्र व्यवहार प्रदेशाकडे नाहीत, त्यामुळे लिथुएनियाच्या दृष्टीने हा सरळ अधिकारभंग. गव्हर्नर आंतानास मेर्किसने ६ फेब्रुवारी १९३२ ला त्याला बडतर्फ केलं, नवा अध्यक्ष नेमला, त्याच्यावर अविश्वास येताच २२ मार्चला सेइमेलिस विसर्जित केलं. वर सांगितलेलं चक्र जसंच्या तसं.

चार राष्ट्रांनी सहा प्रश्न न्यायालयापुढे ठेवले. ११ ऑगस्ट १९३२ ला निकाल लागला. अध्यक्षाची बडतर्फी : राज्याच्या सार्वभौमत्वाला बाधा आणणारं आणि प्रदेशाचा कायदा मोडणारं गंभीर कृत्य असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर गव्हर्नरला हा अधिकार आहे, आणि बॉट्शरच्या बाबतीत तो योग्य वापरला गेला. विसर्जन : सभागृहाचा विश्वास नसलेल्या मंडळाच्या संमतीने केलेलं विसर्जन कायद्याला धरून नाही.

म्हणजे न्यायालयाने दोघांनाही थोडं थोडं दिलं, पण फट बुजवली. फक्त उशीर झाला होता, कारण ४ मे १९३२ ला नवी निवडणूक होऊनही गेली होती आणि लिथुएनियन बाजूला २९ पैकी ५ च जागा मिळाल्या होत्या. निकालाने ती निवडणूक रद्द झाली नाही.

बंदरकर

आता बंदर. लिथुएनियाला हा प्रदेश हवा होता तो मुख्यतः यासाठी. त्याआधी त्यांच्याकडे समुद्रकिनारा म्हणजे पालांगा आणि श्व्हेन्टोयी, तोही १९२१ मध्ये लवादाने लॅटव्हियाकडून मिळालेला. मोठं जहाज लागेल असं एकही ठिकाण नाही.

कारभार तिघांच्या बंदर मंडळाकडे : एक सदस्य लिथुएनियाचा, एक संचालक मंडळाचा, एक राष्ट्रसंघाने नेमलेला. रचना चांगली होती आणि प्रदेशातल्या इतर संस्थांपेक्षा ती बरी चालली.

अडचण निघाली ती लाकडाची. मेमेल हे लाकडाचं बंदर. नेमुनासच्या वरच्या खोऱ्यातल्या जंगलांतले ओंडके तराफे बांधून खाली यायचे. शेवटचा टप्पा कुरोनियन खारकच्छातून, म्हणजे समुद्रालगतच्या उथळ सरोवरातून, आणि व्हेंते टोकाशी वादळात तराफे फुटायचे. ते टाळायला प्रशियाने १८६३ ते १८७३ मिनिया नदीपासून मेमेलपर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा किंग विल्हेल्म कालवा खणला. शहरातल्या लाकूडगिरण्या आणि लगद्याचा कारखाना या प्रवाहावर उभे होते. १९२० नंतर वरचं खोरं पोलंडकडे गेलं, आणि व्हिल्नियसच्या वादामुळे लिथुएनियाने पोलंडची हद्द पूर्ण बंद ठेवली. तराफे थांबले आणि करवतींना माल मिळेना. गिरणीतला कामगार लिथुएनियन असो की जर्मन, त्याच्या पगाराला कात्री लावली ती व्हिल्नियसच्या प्रश्नाने.

रेल्वेचंही तसंच. जुने रूळ टिल्झिटकडे तोंड करून. काउनासकडून सरळ मार्ग हवा म्हणून तेल्शाई ते क्रेतिंगा हा तुकडा बांधला, तो १९३२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर देशाच्या परदेशी व्यापाराचा फार मोठा भाग क्लाईपेडातून जायला लागला. म्हणजे धागाकर्त्यांचं 'साधे उपायही केले नाहीत' हे बंदराच्या बाबतीत खरं नाही. पैसा ओतला, गोद्या वाढवल्या, मांस आणि लोणी निर्यातीची सोय केली.

सीमारेषा

मान्य, तेवढं विधान मागे घेतो. माणसांबद्दलचं मात्र अजून धरून आहे.

खारेवारा

अवांतर : कुरोनियन खारकच्छाचा विषय निघालाच आहे तर तिथल्या मासेमारी होड्यांचे झेंडे बघण्यासारखे आहेत. १८४४ मध्ये बेअरबोम नावाच्या मत्स्य निरीक्षकाने नियम केला की प्रत्येक होडीच्या डोलकाठीवर गावाची खूण हवी, म्हणजे कुठल्या गावची होडी कुठे जाळं टाकतेय ते दुरून कळेल. आकार साधारण दोन फूट बाय एक फूट. वाळूच्या दांड्यावरच्या गावांना काळा-पांढरा, पूर्व किनाऱ्याला लाल-पांढरा, दक्षिणेला पिवळा-निळा. पुढे कोळ्यांनी त्याभोवती लाकडी चौकट करून घरं, चर्च, माणसं, घोडे कोरायला सुरुवात केली आणि साधी खूण हळूहळू नक्षीदार वातकुक्कुट झाली. आपल्या कोळीवाड्यातल्या होड्यांवरची निशाणं आठवतात.

आणखी एक. निडा वगैरे दांड्यावरच्या गावांतले बरेचसे कोळी घरी ना जर्मन बोलत ना लिथुएनियन. त्यांची घरची बोली कुर्सेनिएकी, लॅटव्हियनच्या जवळची. मोडीवाचकांच्या तीन गटांत त्यांची भाषा कुठेच बसत नाही.

मोडीवाचक

छान भर घातलीत. तेही बहुतेक लुथरन आणि प्रशियाशी एकनिष्ठ. भाषेवरून मन ओळखता येत नाही याचा आणखी एक पुरावा.

तिळवण

माणसांच्या प्रश्नावर सीमारेषांना दुजोरा देतो, पण एक तारीख जोडून. डिसेंबर १९२६ मध्ये काउनासला लष्करी बंड झालं, राष्ट्राध्यक्ष स्मेतोनाची राजवट आली आणि लष्करी कायदा लागला. तो क्लाईपेडातही होता आणि उठला थेट १ नोव्हेंबर १९३८ ला. म्हणजे स्वायत्ततेच्या कायद्याने वृत्तपत्र आणि सभेचं स्वातंत्र्य दिलेलं, आणि त्यावर लष्करी कमांडंटची सेन्सॉरशिप बसलेली, जवळजवळ १२ वर्षं. मधल्या 'मेमेललँडर' माणसाला आपल्याकडे ओढायची संधी होती ती याच वर्षांत. ती इथे गेली.

१९३३ नंतर सगळंच बदललं. दोन नाझी पक्ष उभे राहिले, एक थिओडोर फॉन झास या पाद्र्याचा, दुसरा एर्न्स्ट नॉयमान या पशुवैद्याचा, आणि दोघांचं आपसातही वैर. लिथुएनियाने १९३४ मध्ये ते बंद केले आणि काउनासला खटला भरला. डिसेंबर १९३४ ते मार्च १९३५, सव्वाशेच्या आसपास आरोपी, ८७ जणांना शिक्षा, चार मृत्युदंड, जे पुढे माफ झाले. नाझींवरचा युरोपातला हा पहिला मोठा सामूहिक खटला. तेव्हा मोठी राष्ट्रं हिटलरशी जुळवून घेत होती, एवढ्याशा देशाने हे केलं. याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

किंमतही मोजली. जर्मनीने लिथुएनियाचा शेतमाल घेणं बंद केलं.

कलमपट्टी

आणि ब्रिटन, फ्रान्स, इटली लिथुएनियावरच दबाव टाकत राहिले की करार पाळा. कराराप्रमाणे त्यांचं बरोबर. पण करार ज्याच्यापासून वाचवायला हवा होता तो धोका तोवर काउनासहून नाही, बर्लिनहून येत होता.

२९ सप्टेंबर १९३५ ची निवडणूक तर प्रक्रियेच्या अभ्यासकाने मुद्दाम बघावी. नवीन पद्धतीत पक्षाच्या यादीला मत नव्हतं. प्रत्येक मतदाराला सगळ्या उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्यांची पुस्तिका दिली जाई, त्यातली २९ नावं एकेक करून फाडायची आणि पाकिटात घालून पेटीत टाकायची. हेतू असा, की मतदार पक्षाऐवजी माणूस बघेल. झालं काय? एका माणसाला इतका वेळ लागे की रांगा हलेनात, मतदान दुसऱ्या दिवसावर गेलं. मोजणीही फार लांबली, कारण प्रत्येक पाकिटात २९ सुटे कागद. आणि निकाल? जर्मन एकत्रित यादी २४, लिथुएनियन ५. तीन वर्षांपूर्वी होता तोच.

टपालहंशील

शिवाय एक परिणाम उलटा झाला. आधी शेतकरी पक्ष, लोकपक्ष, समाजवादी असे जर्मन बाजूचेही वेगवेगळे गट होते आणि त्यांची आपसात चुरस चाले. १९३५ ला सगळे एका यादीत आले. मतभेदांना जागा उरली नाही आणि नाझींना तयार घोडा मिळाला.

बंदरकर

शेवट थोडक्यात, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९३८ च्या निवडणुकीत २५ विरुद्ध ४. १५ मार्च १९३९ ला हिटलर प्रागमध्ये. २० मार्चला बर्लिनमध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने लिथुएनियाचे परराष्ट्रमंत्री युओझास उर्बशिस यांना तोंडी निर्वाणीचा इशारा दिला. कराराखाली सह्या असलेल्या चारपैकी एकही राष्ट्र पुढे आलं नाही. २२ मार्चच्या रात्री तह झाला. दुसऱ्या दिवशी हिटलर 'डॉइचलँड' या युद्धनौकेने आला आणि नाट्यगृहाच्या सज्जातून बोलला. लिथुएनियाला मिळालं काय, तर बंदरात ९९ वर्षांसाठी एक मुक्त क्षेत्र. पुढच्याच वर्षी लिथुएनियाचं स्वातंत्र्य गेलं.

कोजागिरी

आणि ते 'मेमेललँडर' लोक? त्यांचं पुढे काय झालं?

मोडीवाचक

कोजागिरीताई, त्यांच्या नागरिकत्वाचा प्रवास बघितला की सीमारेषांच्या दुसऱ्या प्रश्नाचा शेवटचा धागा हाती येतो.

१९२४ च्या करारात १८ महिन्यांची मुदत होती : ज्याला जर्मन नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने तसं लेखी कळवायचं. कळवलं नाही की आपोआप लिथुएनियन. जमीन सोडून कोण जाणार? बहुतेकांनी कळवलं नाही, आणि काउनासला वाटलं लोकांनी आपल्याला निवडलं. मार्च १९३९ मध्ये जर्मनीने कायदा करून हे नागरिकत्व सरसकट परत दिलं. १९४४ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत सैन्य जवळ येताच जवळजवळ सगळा प्रदेश पश्चिमेकडे हलवला गेला. २८ जानेवारी १९४५ ला रेड आर्मी क्लाईपेडात शिरली तेव्हा शहर जवळपास रिकामं होतं.

युद्धानंतर सोव्हिएत प्रशासनाने यांना परत बोलावलं, 'तुम्ही मूळ लिथुएनियन' म्हणून. काही हजार परतले. बऱ्याच जणांच्या घरांत नवे लोक राहत होते. मग १९५८ मध्ये पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघाचा करार झाला : जून १९४१ ला ज्यांच्याकडे जर्मन नागरिकत्व होतं त्यांना जाता येईल. तिथे १९३९ चा तो कागद उपयोगी पडला. घरी लिथुएनियन बोलणाऱ्या, गॉथिक टायपातलं प्रार्थनापुस्तक वाचणाऱ्या हजारो माणसांनी १९५८ ते १९६० मध्ये अर्ज भरले आणि सामान बांधून पश्चिम जर्मनीची गाडी धरली.